पोटातल्या बाळाला विचारणारा देश

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता आणि दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि तो दादा भरत होता. भाची शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन नखं खात बसली होती. वहिनी आमरसाच्या वाट्या उचलत होती, टेबलावर चिकट वर्तुळं उरली होती. ‘आर्ट्‌स’ हा शब्द त्या संध्याकाळी एकदाच निघाला, भाचीच्या तोंडून, आणि दादाने स्क्रीनवरची नजर न काढता ‘ते नंतर बघू’ म्हणून तो मिटवला. मग जे होतं ते झालं. क्लासची फी निघाली, वहिनीने सोडलेली नोकरी निघाली, ‘तुझ्यासाठी आम्ही’ने सुरू होणारी दोन-चार वाक्यं झाली, आणि पोरगी म्हणाली, “मी सांगितलं होतं का मला जन्माला घाला म्हणून?”

आपल्या घरांत हे वाक्य काही नवं नाही. मीही एकदा फेकलं होतं, तेव्हा आईने हातातलं लाटणं तेवढं उंचावलं होतं. त्या दिवशी तीच आई सोफ्यावर बसून औषधांच्या गोळ्या डबीत वाराप्रमाणे लावत होती. ती म्हणाली, “विचारायला हवं होतं खरं.” सगळे हसले, भाचीसुद्धा नाइलाजाने हसली, आणि त्या हसण्याच्या आडोशाने दादाने अर्ज सबमिट करून टाकला. मला ते हसणं घशात अडकल्यासारखं झालं. कारण विचारतात अशी एक जागा मला ठाऊक होती.

तिथे, एका जपानी गोष्टीतल्या कप्पा नावाच्या पाणभुतांच्या देशात, बॅग नावाच्या कोळ्याची बायको बाळंत होणार असते. डॉक्टर आणि सुईण हजर असतात. बॅग बायकोच्या मांड्यांशी वाकतो, टेलिफोनवर बोलावं तसं तोंड लावतो आणि मोठ्याने विचारतो: तुला या जगात यायचं आहे का? नीट विचार करून उत्तर दे. गुडघे टेकून तो हे पुन्हा पुन्हा विचारतो, मग टेबलावरच्या औषधी पाण्याने चूळ भरतो. आतून बाळ जरा संकोचत, दबक्या आवाजात उत्तर देतं. मला नाही यायचं. एक तर वडिलांकडून येणारं वेड, तेवढंच पुष्कळ झालं. शिवाय कप्पा म्हणून असणं हेच मुळात वाईट आहे असं माझं मत आहे. बॅग ओशाळून डोकं खाजवतो. सुईण लगेच एक जाड काचेची नळी घालून कसलं तरी द्रव्य टोचते. बायको सुटल्यासारखा श्वास टाकते आणि तिचं एवढं मोठं पोट हायड्रोजन काढून घेतलेल्या फुग्यासारखं बसतं.

र्‍यूनोसुके अकुतागावाची ‘कप्पा’ मार्च १९२७ मध्ये ‘काइझो’ या मासिकात आली. आपल्याकडे हा लेखक कुरोसावाच्या ‘राशोमोन’मुळे माहीत असतो, त्या सिनेमाच्या पोटात याच्या दोन कथा आहेत. ‘कप्पा’ मी इंग्रजीतून वाचली, पावसाळ्यात, ओल धरलेल्या पानांची जुनी प्रत. गोष्ट सांगतो तो वेड्यांच्या इस्पितळातला तेवीस क्रमांकाचा रुग्ण. कामिकोचीहून होताका डोंगर चढायला निघालेला, आझुसा नदीच्या खोऱ्यात धुक्यात अडकलेला हा माणूस दगडावर बसून डबाबंद मांस आणि पाव खातो, किती वाजले म्हणून घड्याळ बघतो, तर घड्याळाच्या काचेत एक विचित्र चेहरा. मागे कप्पा उभा. हा पाठलाग करतो आणि एका बिळातून खाली त्यांच्या देशात पडतो. तिथे डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत, कारखानदार, कवी, तत्त्वज्ञ, पोलीस, सगळं आहे. रस्त्यावर मोटारी आहेत.

जपानी पोरांच्या कानावर पडलेला कप्पा मात्र असा क्लबात जाणारा नव्हे. तो नदीतला. लहान मुलाएवढा, चोच असलेला, पाठीवर कवच, बोटांत पडदे आणि टाळूवर पाण्याने भरलेली बशी. ते पाणी सांडलं की त्याचं बळ गेलं. घोड्यांना आणि पोहणाऱ्या पोरांना तो पाण्यात ओढतो, काकडीवर जीव टाकतो, हाडं बसवण्यात तरबेज असतो आणि कमालीचा शिष्टाचारी असतो. तुम्ही कमरेत वाकून नमस्कार केलात तर त्याला उलट नमस्कार केल्यावाचून राहवत नाही. तो वाकतो, पाणी सांडतं, तुम्ही वाचता. माझ्या आजोळी विहिरीच्या काठावरून वाकलं की मावशी ओरडायची, आसरा ओढून नेतील. पाण्याजवळ पोरांनी जाऊ नये म्हणून प्रत्येक मुलखाने कुणीतरी नेमून ठेवलेलंच असतं. पण आमच्या आसरांना आम्ही हळदकुंकू वाहिलं, खणानारळाने ओटी भरली आणि मोकळे झालो. त्यांना वर्तमानपत्र चालवायला किंवा निवडणूक लढवायला कुणी लावलं नाही. आपल्याकडे ते काम देवांवर पडलं. तमाशाच्या गवळणीत मावशी कृष्णाची बिनपाण्याने करते, दिवाळी अंकांतले यमराज सरकारी कचेरीत खेटे घालून घालून थकले. देव चालतात, कारण ते आपल्याला घाबरवत नाहीत. पाण्यातल्या बायकांची अजून भीती वाटते, त्यामुळे त्यांची थट्टा होत नाही.

कप्पाचीही भीती वाटायची. लोककथांचा अभ्यासक यानागिता कुनिओ याने ईशान्य जपानातल्या तोनो भागातल्या ऐकीव गोष्टी १९१० मध्ये छापल्या, त्यात कप्पाची पोरं होणाऱ्या बायका आहेत. मात्सुझाकी नावाच्या गावात नदीकाठच्या एका घरात पिढ्या-दोन पिढ्या अशी पोरं झाली. दिसायला भयंकर. त्यांचे तुकडे केले, साकेच्या लहान पिंपांत भरले आणि पुरून टाकले. यानागिता हे इतक्या कोरडेपणाने सांगतो की वाचताना आधी कळतच नाही आपण काय वाचलं ते. दुष्काळी उत्तरेत जन्मलेलं जास्तीचं पोर राहू न देण्याची रीत एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, होती, आणि काही अभ्यासक कप्पाच्या या गोष्टींमागे तीच रीत बघतात. मला ते पटतं. नको असलेल्या, ज्याचा बाप सांगता येत नाही अशा पोराला माणूस म्हटलं तर मारणं जड जातं. कप्पा म्हटलं की सोपं.

याच प्राण्याला सतरा वर्षांनी अकुतागावाने बाळंतिणीच्या खोलीत परत आणला आणि पोटातल्या पोराला बोलायला लावलं. जुन्या गोष्टीत ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याच्या तोंडापुढे त्याने टेलिफोन धरला. हे त्याने जाणून केलं की त्याच्या हातून झालं ते मला ठरवायचं नाही. लोककथांतले कप्पे त्याला चांगले ठाऊक होते. तो स्वतः शाईने कप्पांची चित्रं काढायचा, आणि गोष्टीतला रुग्णसुद्धा कप्पांच्या जुन्या वर्णनांच्या ग्रंथाचा हवाला देतो.

त्या प्रसंगाच्या आधी एक छोटासा संवाद आहे, तो मला जास्त टोचतो. रुग्ण चाक नावाच्या कप्पा डॉक्टरला आपल्याकडच्या संततिनियमनाची मोठी कौतुकाने माहिती देतो. चाक तोंड फाकून, चष्मा घसरेपर्यंत हसतो. म्हणतो, तुम्ही फक्त आई-बापांच्या सोयीचा विचार करता, किती आपमतलबी! हा टोला हवेत नव्हता. १९२२ साली संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर जपानला गेल्या त्या याच ‘काइझो’ मासिकवाल्यांच्या निमंत्रणावरून, आणि संततिनियमनावर जाहीर बोलणार नाही या अटीवर सरकारने त्यांना बोटीतून उतरू दिलं होतं. म्हणजे ज्या मासिकाने त्यांना बोलावलं, त्याच मासिकात पाच वर्षांनी एक कप्पा त्या सगळ्या चळवळीला हसला. आपले र. धों. कर्वे त्याच काळात मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ निघालं ते जुलै १९२७ मध्ये, अकुतागावाने जगाचा निरोप घेतला त्याच महिन्यात. कर्व्यांनी ‘कप्पा’ वाचली असती तर काय म्हणाले असते याची कल्पना करायला मला फार आवडतं. बहुधा म्हणाले असते, बाईच्या पोटावरून चर्चा चालली आहे आणि बाईला एक वाक्यसुद्धा नाही.

खरंच नाही. बॅगची बायको फक्त श्वास टाकते.

२०१९ मध्ये मुंबईतल्या एका तरुणाने जाहीर केलं की संमतीवाचून जन्माला घातलं म्हणून आपण आई-वडिलांवर खटला भरणार. बातमी जगभर फिरली. आई-वडील दोघंही वकील. आईने उत्तर दिलं की जन्माआधी याची संमती आम्ही कशी घ्यायची होती ते याने नीट समजावून सांगावं, मी चूक कबूल करीन. त्या बाईंचा हजरजबाबीपणा तेव्हाही आवडला होता. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. कप्पांच्या देशात ते उत्तर काचेची नळी आणि चुळीचं औषध यांसकट तयार आहे. आणि तेच उत्तर पुढे जाऊन कसं नासतं, हे बघायला बॅगच्या घरातून बाहेर पडावं लागतं.

बाहेर पडलं की चौकात एक मोठी जाहिरात आहे. सुदृढ कप्पांनो, वाईट आनुवंशिकता नष्ट करण्यासाठी रोगट कप्पांशी लग्न करा, स्वयंसेवक दलात सामील व्हा. रुग्ण म्हणतो, असलं आमच्याकडे होत नाही. विद्यार्थी लॅप म्हणतो, होतं की, तुमची श्रीमंतांची पोरं मोलकरणींच्या प्रेमात पडतात ते काय उगाच? पुढे संगीताची मैफल आहे. क्राबाख नावाचा संगीतकार पियानो वाजवत असताना मागच्या रांगेतला पोलीस बसल्या जागेवरून ओरडतो, ‘वादन बंद!’ तत्त्वज्ञ मॅग समजावतो की चित्रांवर किंवा पुस्तकांवर आमच्याकडे बंदी नाही, ती कुणालाही कळतात. संगीत कान नसलेल्याला कळत नाही, म्हणून त्यावर बंदी. जपानात दोनच वर्षांपूर्वी, १९२५ साली, विचारांवर पहारा बसवणारा शांतता संरक्षण कायदा आला होता. मासिकांत शब्दांच्या जागी फुल्या छापल्या जात. हा विनोद फुल्यांच्या शेजारी बसून केलेला आहे.

मग ग्रंथनिर्मितीचा कारखाना. यंत्राच्या नरसाळ्यात कागद, शाई आणि एक राखाडी पूड ओतायची. पाच मिनिटांच्या आत पुस्तकं बाहेर. एकट्या या कंपनीची वर्षाला सत्तर लाख. पूड कसली? गाढवांच्या मेंदूची, वाळवून कुटलेली. हे वाचताना आज प्रत्येकाला जे आठवेल ते मलाही आठवलं. त्याचं नाव घेऊन मी मजा घालवत नाही. दर महिन्याला सात-आठशे नवी यंत्रं निघतात आणि चाळीस-पन्नास हजार कामगार कमी होतात, तरी संपाचं अक्षर वर्तमानपत्रात दिसत नाही. रुग्णाला नवल वाटतं. काचेच्या कंपनीचा अध्यक्ष गेएल जेवणानंतरची चिरूट ओढत सांगतो, त्यांना खाऊन टाकतो ना. कामगार-कत्तल कायदाच आहे तसा. या महिन्यात ६४,७६९ जणांना काढलं, त्यामुळे मांसाचा भावही उतरला. ते गुमान मरतात का, असं विचारल्यावर कुंडीतल्या झाडापाशी बसलेला न्यायाधीश पेप तोंड वाकडं करून म्हणतो, ओरडून काय होणार, कायदा आहे. डॉक्टर चाक हसत सांगतो, उपासमारीने मरण्याची किंवा जीव देण्याची यातायात सरकारच वाचवतं. थोडा विषारी वायू हुंगवला की झालं, फारसं दुखत नाही. आणि गेएल टेबलावरची सँडविचची बशी पुढे करतो. घ्या ना एखादं, हेही कामगाराचंच आहे.

आता बॅगच्या बायकोच्या खोलीकडे मागे वळून बघा.

जन्माआधी केवढी अदब. गुडघे टेकून, चूळ भरून, नीट विचार करून सांग म्हणून आर्जवं. आणि एकदा ‘हो’ म्हणून बाहेर आलं की पुन्हा कुणी कधी काही विचारत नाही. कारखान्यात जायचं का, यंत्र आणायचं का, वायू हुंगायचा का, काही नाही. पहिला होकार सगळ्याला पुरतो. कुणी कुरकुर केलीच तर, मला वाटतं, पेप शांतपणे म्हणाला असता: तुला विचारलं होतं. पुस्तकात तो हे म्हणत नाही, पण सगळी व्यवस्था तेच म्हणत असते. बहुतेक लोक तो बाळंतपणाचा प्रसंग सांगून हसतात, कुणी त्याला मानवतावादी कल्पना म्हणतात, कुणी निराशावादी. मला तो करारावरच्या सहीसारखा दिसतो, बारीक अक्षरं न वाचता केलेल्या. भाचीचं वाक्यही मला तेव्हापासून वेगळं ऐकू येतं. जन्माला घातल्याबद्दल तिची तक्रार नव्हतीच. समोर ‘पसंती’ लिहिलेला रकाना होता आणि त्यात दुसरंच कुणी टाइप करत होतं, एवढंच ती जवळ असलेल्या सगळ्यात जड शब्दांत सांगत होती.

सँडविच बघून रुग्ण पळतो. पेप आणि चाक मागून हसतात. रात्र अंधारी, आकाशात चांदणी नाही, आणि हा घरी पोचेपर्यंत ओकत राहतो. अंधारातसुद्धा पांढरी दिसणारी ओकारी. इथे कुठलाही सज्जन लेखक थांबला असता. वाचकालाही ओकल्याचं समाधान मिळालं असतं. पण पुढच्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य असं की, काही म्हणा, गेएल मात्र मोठा मनमिळाऊ कप्पा होता, आणि मी वरचेवर त्याच्याबरोबर त्याच्या क्लबात जायचो. ही उडी मला अख्ख्या पुस्तकात सर्वांत भयंकर वाटते. ओकून झालं, तोंड धुतलं, क्लबात बरं वाटतं. तिथे गेएल सांगतो की सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्याला वर्तमानपत्र चालवतं, वर्तमानपत्राला मी, आणि मला माझी बायको. सांगतो की पाणमांजरांशी झालेल्या युद्धात उपाशी सैनिकांना आम्ही कोळशाची राख खायला पुरवली, भूक लागली की कप्पे काहीही खातात. रुग्ण ऐकत असतो. गेएलचं बोलणं लोभस आहे, हसणं मोकळं आहे. असे गेएल मी पाहिले आहेत, त्यांच्या घरचं जेवलेय, आणि पुन्हा बोलावलं तर जाईन.

सगळंच पुस्तक या तोलाचं नाही. माद्या नरांच्या मागे धावतात, त्यांना जेरीस आणतात, मिठी मारून लॅपची चोच कुजवतात, हा भाग आज वाचवत नाही. त्यात उपहास कमी आणि चिडचिड जास्त आहे. बायकांना कंटाळलेल्या पुरुषाची, दारामागची. शेवटाकडचं मंदिरही लांबतं. कोनाड्यांत स्ट्रिंडबर्ग, नित्शे, टॉलस्टॉय संत म्हणून बसवले आहेत, पुजारी खासगीत सांगतो की माझा काही देवावर विश्वास नाही, गंमत आहे, पण हात थकलेला कळतो. आणि तरीही तो थकवा मला खोटा वाटत नाही. अकुतागावाने एका पत्रात म्हटलं होतं की ‘कप्पा’ किळसेतून जन्मली, सगळ्याची किळस, त्यात सर्वांत जास्त स्वतःची.

कशाकशाची किळस ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा त्याच्या आईला वेड लागलं; मामाच्या घरी वाढला, मामाचंच आडनाव लावलं. १९२६ मधल्या त्याच्या एका लेखाची सुरुवातच, माझी आई वेडी होती, अशी आहे. जानेवारी १९२७ मध्ये बहिणीचं घर जळालं, विम्यासाठी मुद्दाम जाळल्याचा संशय मेहुण्यावर आला, मेहुण्याने गाडीखाली जीव दिला आणि कर्ज निस्तरायला हा उरला. त्याच धामधुमीत ‘कप्पा’ लिहून झाली. २४ जुलैला, पस्तिसाव्या वर्षी, त्याने झोपेच्या औषधाने आयुष्य संपवलं. त्याची पुण्यतिथी जपानात कप्पाच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून पुष्कळ जण बॅगच्या बाळाचं उत्तर म्हणजे लेखकाचंच उत्तर असं वाचतात. मला तसं वाचायची भीती वाटते. तसं वाचलं की काचेची कंपनी, कत्तलीचा कायदा, ओरडणारा पोलीस, सगळं एका आजारी माणसाचं स्वप्न होऊन जातं, आणि गेएल सुखाने चिरूट ओढत राहतो. गोष्ट वेड्याच्या तोंडी घालून अकुतागावाने ती पळवाट आपल्यासाठी उघडी ठेवली आहे खरी. घ्यायची की नाही ते आपण बघायचं.

एक म्हातारा कप्पा दोरीची शिडी दाखवतो आणि रुग्ण आपल्या जगात परत येतो. इथे त्याला माणसांचा वास सोसत नाही, लोकांच्या चेहऱ्यावरची नाकं बघून दचकायला होतं. धंदा बुडतो, तो कप्पांच्या देशात परत जायला निघतो आणि पकडला जातो. आता इस्पितळात त्याला भेटायला रात्री कप्पे येतात, पाण्याच्या नळांमधून. पहिला येतो तो बॅग. कुणी काळ्या लिलींचा गुच्छ आणतं, जो इतर कुणाला दिसत नाही. आत्महत्या केलेल्या टोक नावाच्या कवीचा समग्र काव्यसंग्रहही त्याच्यापाशी आहे. तो उघडून एक कविता तो मोठ्याने वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्याला दिसते ती जुनी टेलिफोन डिरेक्टरी. मग तो पेपची बातमी सांगतो. न्यायाधीश पेपची नोकरी गेली आणि त्याला खरोखरच वेड लागलं, आता तो कप्पांच्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. इथल्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर एस यांनी परवानगी दिली तर मी त्याला भेटून येईन म्हणतो, असं म्हणत रुग्ण गोष्ट थांबवतो.

डॉक्टर एस परवानगी देणार नाहीत, हे उघड आहे. मी मात्र दर वेळी पेपपाशी अडते. नोकरी त्याचीही गेलीच होती. पण त्याला कुणी वायू हुंगवला नाही, भाव उतरला नाही, बशी भरली नाही. त्याला इस्पितळात खाट मिळाली आणि परदेशातून कुणी भेटायला येऊ बघतंय. रुग्णाच्या हे ध्यानातही येत नाही. तो कायदा कामगारांपुरता होता.